तोतया, राजपुत्र आणि वाट पाहणारी माणसे

आमच्या घराजवळच्या बेकरीत एक बाई आहेत. गेली दोन वर्षे त्या मला दुसराच कुणीतरी समजतात. मी दुकानात शिरलो की त्या न विचारता राईचा पाव काढतात आणि गुडघा आता कसा आहे म्हणून चौकशी करतात. माझा गुडघा ठणठणीत आहे, आणि राईचा पाव मला चावत नाही. या भागात राहणारे दुसरे एक भारतीय गृहस्थ आहेत, त्यांच्याशी माझी गल्लत होते आहे, हे मला फार उशिरा कळले. त्या गृहस्थांना मी नंतर मंडळाच्या गणेशोत्सवात पाहिले. आमच्या दोघांत पांढरे केस आणि काळी कोट-टोपी याखेरीज काही साम्य नाही. ते माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत.

ही गंमत मी घरी सांगितली तेव्हा माझी नात म्हणाली, "आबा, मग तुम्ही त्यांचे डोपेलगेंगर!" ती इथेच जन्मली, दहावीत आहे. तिला शाळेत कास्पार हाउझरवर निबंध लिहायचा होता. त्या संध्याकाळी तिने मला त्याची गोष्ट सांगितली आणि मी तिला भाऊसाहेबांच्या तोतयाची. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या इतक्या जवळच्या निघाल्या की आम्ही जेवण विसरून बोलत बसलो. तीस-बत्तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला, पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात असे मला कधी सुचले नव्हते. हा लेख त्या संध्याकाळचाच आहे. घरातल्या मोठ्यांनी मुलांना वाचून दाखवला तर मला आनंद वाटेल.

आधी शब्दांविषयी थोडेसे. 'डोपेलगेंगर' हा शब्द आज जगभर चालतो, पण तो घडवला जर्मन लेखक जाँ पाउल याने, १७९६ साली, आपल्या 'झीबेनकेस' या कादंबरीत. आपली दुसरी प्रत, आपल्याच रूपाचा सोबती, असा त्याचा अर्थ. मराठीत असा रोजच्या वापरातला एक शब्द नाही. आपण 'हुबेहूब' म्हणतो, 'डिट्टो' म्हणतो, 'जुळा भाऊच जणू' म्हणतो. पण दुसऱ्याचे नाव घेऊन त्याच्या जागी बसू पाहणाऱ्यासाठी मात्र मराठीत खणखणीत शब्द आहे: तोतया. जर्मन शब्दाचे लक्ष चेहऱ्याकडे आहे, तर मराठी शब्दाचे लक्ष हक्काकडे. तोतया दिसतो कसा यापेक्षा तो काय मागतो, हे आपल्या भाषेला महत्त्वाचे वाटले. असे का वाटले असावे, ते पुढच्या हकिगतीवरून लक्षात येईल.

पानिपताहून परत न आलेला माणूस

१४ जानेवारी १७६१. पानिपतावर मराठ्यांची फौज अहमदशाह अब्दालीपुढे मोडली. पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव गोळी लागून पडले. सेनापती सदाशिवरावभाऊ घोड्यावर बसून गर्दीत घुसले आणि दिसेनासे झाले. हा 'दिसेनासे झाले' शब्दच पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ आहे. ते पडताना पाहिले असे खात्रीने सांगणारा आपला माणूस पुण्याला परत आला नाही.

वास्तविक त्यांच्या देहाचा शोध लागला होता. शुजाउद्दौल्याच्या पदरी काशीराज पंडित नावाचा एक दक्षिणी ब्राह्मण होता. लढाईच्या वेळी तो शत्रूच्या गोटात हजर होता, आणि पुढे त्याने फारसीत आपली हकिगत लिहून ठेवली. रणांगणावर प्रेतांच्या राशीत एक शिर नसलेले धड सापडले. चेहरा नसताना ओळख पटवायची कशी? ओळखणाऱ्यांनी अंगावरच्या खुणा पाहिल्या. त्यातली एक खूण पाठीवरच्या जुन्या जखमेची होती. मुजफ्फरखान गारद्याने पूर्वी भाऊंवर मारेकऱ्यासारखा वार केला होता, त्याची ती खूण. धडाला अग्नी दिला गेला. पण ही बातमी शत्रूच्या छावणीतून आलेली, तीही तुकड्यातुकड्यांनी. जो तो आपल्याला हवा तो तुकडा घेऊन बसला.

सर्वांत घट्ट धरून बसल्या त्या भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई. त्या स्वतः मोहिमेवर बरोबर होत्या आणि पानिपताच्या धामधुमीतून निसटून परतल्या होत्या. पती गेल्याचे त्यांनी मानले नाही. त्यांनी विधवेचा वेश घेतला नाही. पेशव्यांच्या वाड्यात, जिथे कर्मकांडाची शिस्त अतिशय कडक, तिथे एका स्त्रीने कुंकू न पुसणे ही लहान गोष्ट नव्हती. १७८३ साली त्या वारल्या तोवर, म्हणजे बावीस वर्षे, त्या या निश्चयावर राहिल्या. वाड्यातल्या कुणी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. थोरल्या घरची सून म्हणून त्यांचा मान राहिला. पण याचा दुसरा अर्थ असा, की खुद्द शनिवारवाड्यातच भाऊसाहेबांचा मृत्यू पुरता मान्य झालेला नव्हता. मग गावोगावच्या लोकांनी तरी तो का मानावा?

अशा वेळी उत्तरेत एक माणूस प्रकट झाला आणि आपण भाऊसाहेब असल्याचे सांगू लागला. त्याचे खरे नाव सुखनिधान, बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्याला पकडून पुण्यास आणले, चौकशी झाली, तो भाऊ नव्हे असे ठरले आणि त्याला किल्ल्यावर कैदेत टाकले. त्याला मारले नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. माधवरावांचे राज्य भक्कम होते. भक्कम राज्याला तोतयाची भीती वाटत नाही.

पुढची दहा वर्षे तो एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर हलत राहिला आणि शेवटी रत्नागिरीस आला. दरम्यान पुण्याचे सारे चित्र पालटले. १७७२ साली माधवराव थेऊरला वारले. १७७३ च्या ३० ऑगस्टला नारायणरावांचा भर वाड्यात खून झाला. काका राघोबादादा गादीसाठी इंग्रजांच्या आश्रयाला गेले. नारायणरावांच्या पश्चात १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि बारभाईंनी त्या तान्ह्या मुलाच्या नावाने कारभार चालवला. १७७६ साली मराठी राज्याचा पेशवा दोन वर्षांचा होता.

त्या वर्षी रत्नागिरीचे अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यांनी या कैद्याला मोकळे केले आणि भाऊसाहेब म्हणून पुढे आणले. बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले, हजारो माणसे त्याच्या झेंड्याखाली जमली, आणि फौज घाट चढून पुण्याच्या रोखाने येऊ लागली. यातली किती माणसे खरोखर फसली होती? मला वाटते, फार थोडी. जे पुण्याच्या कारभारावर नाराज होते त्यांना झेंडा हवा होता. ज्यांचे मुलगे, नवरे पानिपताहून परतले नव्हते त्यांना मात्र भाऊसाहेब परत यायलाच हवे होते. भाऊ पंधरा वर्षांनी परत येऊ शकतात, तर आपलाही येऊ शकेल. पानिपताने महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत अशी एक रिकामी जागा करून ठेवली होती.

महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी तोतयाच्या फौजेचा मोड केला. तो समुद्राकडे पळाला, पण कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी त्याला धरून पुण्यास पाठवले. पुन्हा चौकशी झाली, आणि १७७६ च्या अखेरीस त्याला देहदंड दिला गेला. माधवरावांनी ज्याला जिवंत ठेवले त्याला नाना फडणिसांनी ठेवले नाही. माणूस तोच होता. राज्याची अवस्था बदलली होती.

न. चिं. केळकरांनी या प्रसंगावर १९१३ साली 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. आपल्यापैकी ज्यांचे आजोबा संगीत नाटकांच्या काळातले असतील त्यांनी त्याचे नाव नक्की ऐकले असेल. नाटक बंडाचे असले तरी प्रेक्षकांचे डोळे खिळत ते पार्वतीबाईंवर. नाना फडणिसांना हा माणूस खोटा ठरवायचा आहे, हे प्रेक्षकाला समजते. पण त्या बाईंना तो खरा निघावा असे वाटते, हेही त्याला समजते.

आपल्या गावचा राजपुत्र

आता पुण्याहून कार्ल्सरूहेला येऊ. आपण रोज ज्या श्लॉसच्या बागेतून जातो, जिथे उन्हाळ्यात आपली मुले क्रिकेट खेळतात, त्या राजवाड्यात २९ सप्टेंबर १८१२ रोजी एक मुलगा जन्मला. बाप बाडनचा ग्रँड ड्यूक कार्ल, आई स्टेफानी द बोआर्ने, नेपोलियनची मानलेली मुलगी. आपल्या गावातली स्टेफानीनश्ट्रासे तिच्याच नावाची. गादीला वारस मिळाला म्हणून गावात आनंद झाला. पण १६ ऑक्टोबरला, म्हणजे तीन आठवडेही पुरे व्हायच्या आत, ते मूल दगावले. त्याला फोर्त्सहाइमच्या चर्चमधल्या राजघराण्याच्या तळघरात पुरले. १८१६ साली दुसरा मुलगा झाला, तोही पुढच्याच वर्षी गेला. तीन मुली जगल्या. १८१८ साली बापही गेला.

गादी आधी काका लुडविगकडे गेली, आणि १८३० साली लेओपोल्डकडे. हा लेओपोल्ड म्हणजे जुने ग्रँड ड्यूक कार्ल फ्रीडरिश यांच्या दुसऱ्या पत्नीचा, काउंटेस होखबर्गचा मुलगा. ती बाई राजकुळातली नव्हती, त्यामुळे तिच्या मुलांचा गादीवर हक्क आधी मानला जात नव्हता. थोरल्या शाखेत पुरुष वारस उरला नाही म्हणून तो मान्य झाला. आपल्याकडच्या भाऊबंदकीच्या गोष्टी ऐकलेल्या कुणालाही पुढे काय होणार ते सांगायला नको.

२६ मे १८२८ रोजी न्यूर्नबर्गच्या एका चौकात सोळा-एक वर्षांचा मुलगा लडखडत चालताना दिसला. त्याच्या हातात घोडदळाच्या एका कप्तानाच्या नावाने पत्र होते. त्याला मोजकी वाक्ये बोलता येत होती आणि कागदावर एकच नाव लिहिता येत होते: कास्पार हाउझर. पुढे बोलू लागल्यावर त्याने सांगितले, की आपण आठवते तेव्हापासून एका अंधाऱ्या कोठडीत पाव आणि पाण्यावर वाढलो, माणूस पाहिला नाही. सारा युरोप हळहळला. लोक त्याला पाहायला येऊ लागले.

आन्सबाखच्या न्यायालयाचे अध्यक्ष आन्सेल्म फॉयरबाख हे त्या काळचे जर्मनीतले मोठे कायदेपंडित. त्यांनी या मुलावर पुस्तक लिहिले. शिवाय १८३२ साली बव्हेरियाच्या राणीला एक गुप्त टिपण पाठवून कळवले, की हा मुलगा बाडनचा राजपुत्र असावा. वाड्यात मेले ते दुसरेच मूल, खऱ्याची अदलाबदल झाली. ती राणी कारोलिने म्हणजे ग्रँड ड्यूक कार्लची बहीण, त्या मृत बाळाची आत्या. कास्पार राहत होता ते न्यूर्नबर्ग, नंतरचे आन्सबाख, दोन्ही बव्हेरियात. आणि बव्हेरियाचा बाडनच्या मुलखावर जुना दावा होता. तोतया कोणाच्या दारात उभा राहतो, ते इथेही पाहण्यासारखे आहे.

१४ डिसेंबर १८३३ रोजी आन्सबाखच्या राजबागेत कास्पारला भोसकले गेले, आणि तीन दिवसांनी तो मरण पावला. मारेकऱ्याने भोसकले, की लोकांचे लक्ष ओसरू लागले म्हणून त्याने स्वतःच जखम करून घेतली आणि ती बेताबाहेर गेली, यावर आजही वाद आहे. पण या मृत्यूने लोकांची खात्री पटली. मुलगा राजपुत्र नसता तर त्याला कोण कशाला मारील, असा साधा हिशेब. १८७५ साली त्या बाळाच्या बाप्तिस्म्याची, शवचिकित्सेची आणि दफनाची कागदपत्रे छापून प्रसिद्ध झाली, तरी या हिशेबाला धक्का लागला नाही. राजघराण्याने छापली, म्हणजे खोटीच असणार!

कादंबरीकारांना तर घबाडच मिळाले. याकोब वासरमान यांनी १९०८ साली त्याच्यावर मोठी कादंबरी लिहिली, पेटर हांडके यांनी १९६०च्या दशकात नाटक केले, वेर्नर हेर्त्सोग यांचा १९७४ चा चित्रपट तर जगभर गाजला. नातीच्या वर्गात तोच दाखवला होता.

राजवाड्यातले न्यायालय

कार्ल्सरूहेचा आणखी एका अशाच प्रकरणाशी संबंध आहे, आणि तो आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतो. फेब्रुवारी १९२० मध्ये बर्लिनच्या एका कालव्यात उडी टाकलेल्या तरुणीला पोलिसांनी बाहेर काढले. तिने नाव सांगायचे नाकारले. पुढे दोन वर्षांत अशी बातमी पसरली, की ही रशियाच्या झारची धाकटी मुलगी आनास्तासिया, १९१८ च्या कत्तलीतून वाचलेली. नंतर ती आना अँडरसन या नावाने ओळखली गेली. झारच्या नातलगांपैकी काहींनी तिला ओळखले, काहींनी झिडकारले. झारच्या डॉक्टरांचा मुलगा म्हणे, हीच ती. राजकन्यांचे फ्रेंच शिक्षक म्हणत, मुळीच नाही. दोघांनीही खऱ्या आनास्तासियाला लहानपणी पाहिलेले होते.

ही बाई १९४९ पासून जवळजवळ वीस वर्षे आपल्या जवळच, बाड लीबेनत्सेलपाशी उंटरलेंगेनहार्ट नावाच्या खेड्यात राहिली. तिने आपल्या ओळखीसाठी लावलेला दावा दशकानुदशके चालला. तज्ज्ञांनी कानांच्या पाळ्यांची छायाचित्रे मापली, हस्ताक्षरे ताडून पाहिली. शेवटचे अपील आले ते इथे, आपल्या हेरेनश्ट्रासेवरच्या सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालयात. फेब्रुवारी १९७० मध्ये ते फेटाळले गेले. तिने आपण आनास्तासिया असल्याचे सिद्ध केले नाही, एवढेच ठरले. ती कोण नाही, हे काही ठरले नाही. हे न्यायालय ज्या इमारतीत आहे ती बांधली होती बाडनच्या युवराजाचा राजवाडा म्हणून. ज्या घराण्याच्या हरवलेल्या राजपुत्राची गोष्ट शंभर वर्षे चघळली गेली, त्याच घराण्याच्या वाड्यात दुसऱ्या घराण्याच्या हरवलेल्या राजकन्येचा निकाल लागला.

चेहरा आणि पुरावा

गोष्टींतल्या हुबेहूब माणसांचे काम सोपे असते. 'राम और श्याम' मध्ये दोन्ही दिलीपकुमार असतात, 'अंगूर' मध्ये दोन संजीवकुमार आणि दोन देवेन वर्मा. एकच नट दोन भूमिका करतो, म्हणून चेहरा तंतोतंत जुळतो आणि सगळे फसतात. शेवटी दोघे समोरासमोर आले की गोंधळ मिटतो. लेखकाला हे सोयीचे आहे, प्रेक्षकालाही.

पण खऱ्या प्रकरणांत चेहऱ्याचे महत्त्व फार कमी निघते. भाऊसाहेबांना पंधरा वर्षे कुणी पाहिले नव्हते. तेवढ्या काळात कुणाचाही चेहरा बदलतो, मग कैदेत राहिलेल्याचा का नाही बदलणार? बाडनच्या राजपुत्राला तर तीन आठवड्यांचा असताना पाहिलेले. तान्ह्या बाळाशी सोळा वर्षांच्या मुलाचे साम्य कोण सांगणार? तरीही 'तोंडावळा अगदी बाडनच्या घराण्याचा' असे सांगणारे निघालेच. आधी विश्वास बसतो, साम्य नंतर दिसू लागते. बेकरीतल्या बाईंचेही तसेच झाले असावे. त्यांच्या मनात एका म्हाताऱ्या भारतीयाची जागा होती, आणि मी दारातून आत आलो.

या तिन्ही प्रकरणांत मला तीच तीच माणसे दिसतात. एक, वाट पाहणारे: पार्वतीबाई, पानिपताची घरे, रशियातून परागंदा झालेले सरदार. दोन, ज्यांचा फायदा आहे असे: रत्नागिरीचा अधिकारी, बव्हेरियाचे दरबारी. तीन, एखादा प्रामाणिक विद्वान, ज्याला आपल्या तर्काचा मोह आवरत नाही, फॉयरबाख त्यातलेच. आणि चौथा, मध्यभागी उभा असलेला तो माणूस. त्याच्याकडे मात्र सर्वांत कमी पाहिले जाते.

विज्ञानाने आता दोन प्रकरणांचा निकाल दिला आहे. आना अँडरसन १९८४ साली अमेरिकेत वारली. रुग्णालयात जपून ठेवलेल्या तिच्या शरीरातल्या एका तुकड्याची डीएनए तपासणी १९९४ साली झाली. तिचे झारच्या घराण्याशी नाते निघाले नाही. फ्रान्सिस्का शान्त्सकोव्स्का या पोलिश कामगार स्त्रीच्या घरच्यांशी मात्र जुळले. हे नाव १९२७ सालीच पुढे आले होते.

कास्पारचे प्रकरण जास्त चिवट. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मुलांना फक्त आईकडून मिळतो. म्हणजे स्टेफानीच्या मुली, त्यांच्या मुली, अशा ओळीने आज हयात असलेल्या वंशजांशी कास्पारचा नमुना ताडून पाहता येतो. १९९६ साली त्याच्या म्हणून जपलेल्या कपड्यावरचे रक्त तपासले, ते जुळले नाही. २००२ साली केस तपासले, तेव्हा निष्कर्ष संदिग्ध राहिला आणि राजपुत्रवाल्यांना पुन्हा आशा वाटली. २०२४ साली अधिक सूक्ष्म पद्धतीने त्याच्या केसांची तपासणी प्रसिद्ध झाली. केस आणि रक्त यांचे आपसात जुळले. बाडनच्या घराण्याशी नाही. कास्पार हाउझर स्टेफानीचा मुलगा नव्हता. काउंटेस होखबर्गवर तान्हे मूल पळवल्याचा आळ पिढ्यान् पिढ्या घेतला गेला, त्याचा पाया गेला. त्या बाईने मात्र तो निकाल ऐकला नाही. ती १८२० सालीच वारली होती.

नातीने निबंधात हे सगळे नीट लिहिले. मग तिने मला विचारले, "पण आबा, मग तो होता कोण?"

मी गप्प झालो. दोनशे वर्षे सगळ्यांनी विचारले, की हा राजपुत्र आहे की नाही. आहे म्हणणाऱ्यांनी पुस्तके लिहिली, नाही म्हणणाऱ्यांनीही लिहिली. पण राजपुत्र नसेल तर हे पोर कुठल्या आईचे, याचा शोध घेण्यात कुणाला तेवढा रस उरला नाही. त्या केसांतला डीएनए कुठल्या तरी एका बाईचाच आहे. तिचे नाव नाही. सुखनिधानचेही तसेच. तो भाऊसाहेब नव्हता, एवढे सिद्ध करून आपला इतिहास थांबतो. बुंदेलखंडातल्या त्याच्या घरी कुणी त्याची वाट पाहिली का, हे आपण विचारत नाही. मीही वर्गात कधी विचारले नाही.

आमच्या घरची गोष्ट

हे लिहावे की नाही असा विचार मी बरेच दिवस केला. आमच्या घरी ही गोष्ट उघड बोलली जात नसे.

माझे थोरले चुलते दुसऱ्या महायुद्धात पलटणीतून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले. ते 'बेपत्ता' असल्याची तार सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आली. मेल्याची तार आली नाही. आजीला वाचता येत नव्हते, पण या दोन शब्दांतला फरक तिला चांगला कळत होता. दर दिवाळीला अभ्यंगाच्या पहाटे ती एक पाट जास्त मांडायची, आणि कुणी काही म्हणायचे नाही.

माझ्या जन्माच्या सुमारास, म्हणजे युद्ध संपून चार-पाच वर्षांनी, एक दाढी वाढवलेला माणूस दारात आला. त्याने चुलत्यांचे नाव सांगितले. पलटणीचे नाव सांगितले. गावातल्या दोघांचौघांनी 'तोच तो' म्हटले. आजीने त्याला ओसरीवर बसवले, पाणी दिले, आणि डाव्या पायाची पोटरी दाखव म्हणाली. चुलत्यांना लहानपणी तिथे विळा लागला होता. त्या पोटरीवर खूण नव्हती.

माझ्या वडिलांनी त्याला हाकलायला काठी घेतली. आजीने काठी धरली आणि म्हणाली, जेवून जाईल. तो जेवला आणि गेला. जाताना त्याने आपले खरे नाव-गाव तिला सांगितले, असे आई म्हणायची. आजीने ते कुणाला सांगितले नाही. मात्र पुढे महिनाभर ती वडिलांशी बोलली नाही. वडिलांना शेवटपर्यंत वाटत राहिले, की आपले काही चुकले नव्हते. घराची अब्रू होती, शेताचा वाटा होता. तेही खरेच होते. पार्वतीबाईंची बाजू आणि नाना फडणिसांची बाजू, दोन्ही आमच्या एका ओसरीवर होत्या, हे मला इतिहासाचा प्राध्यापक होऊनही कळायला सत्तरी उलटावी लागली.

नातीला मी हे सांगितले. तिने विचारले, त्या माणसाचे नाव काय होते. मला ठाऊक नाही. आजीबरोबर ते गेले.

बेकरीतल्या बाईंना मी अजून काही सांगितलेले नाही. पण गेल्या आठवड्यात त्या दुसऱ्या गृहस्थांना फोन केला आणि गुडघ्याची चौकशी केली. शस्त्रक्रिया ठरली आहे म्हणाले. या दिवाळीला ते आमच्याकडे फराळाला येणार आहेत. राईचा पाव मी आणून ठेवणार आहे.